काही होऊ नये म्हणून

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींत ओळख वाढायला दोन प्रश्न पुरतात. मुलं कुठे असतात, आणि गोळ्या किती चालू आहेत. दुसरा प्रश्न पूर्वी बाजूला घेऊन विचारत. आता तो चारचौघांत, चालता चालता होतो आणि उत्तर देणाऱ्याच्या आवाजात थोडी मिजासही असते. उपाशीपोटी एक, नाश्त्यानंतर तीन, रात्री जेवणाआधी एक, झोपताना दोन. ‘आपलं काय, नुसती बीपीची’ असं म्हणणारा गृहस्थ आमच्या कट्ट्यावर कच्चा लिंबू. त्याला कुणी सल्ला विचारत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सत्तरी ओलांडली. घरात आता दोनच माणसं, मी आणि हे. यांची बायपास मिरजेला झाली. १८९४ साली डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र काय आणि उत्तर कर्नाटक काय, मोठं दुखणं आलं की मिरजेचा रस्ता धरतो, आम्हीही धरला. बायपासच्या आगेमागे यांची साखर निघाली. माझा थायरॉईड आधीपासून होता, मागून बीपी आलं. औषधांचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. भाजी कुणी आणायची यावर आमच्यात अजून वाद होतो, या खात्यावर कधीच झाला नाही.

माझ्या लहानपणी औषधाला तळ असे. डॉक्टरांकडे जाताना घरून बाटली धुऊन न्यायची. कंपाउंडर तिच्यात गुलाबी नाहीतर पिवळं मिक्श्चर भरायचा आणि मग जे करायचा ते मी टाचा उंचावून बघत असे. कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, तिच्या घड्या घालायच्या, कात्रीने कडेचे कोपरे उडवायचे आणि पट्टी उलगडून डिंकाने बाटलीवर चिकटवायची. कडेला ओळीने दाते. दोन दात्यांमधलं अंतर म्हणजे एक डोस. सोबत कुटलेल्या गोळ्यांच्या पुड्या. तीन दिवसांत बाटली रिकामी होई आणि तोवर तापही उतरलेला असे. नाहीच उतरला तर ‘बाटली बदलून’ मिळे. तोंड कडू केल्याची मजुरी ठरल्या दिवशी हातात पडत असे. दुखणं आलं, औषध घेतलं, गुण आला. औषधावरचा आमच्या पिढीचा सगळा विश्वास या तीन पायऱ्यांवर उभा राहिला.

म्हातारपणी नेमक्या याच पायऱ्या निघून जातात. बीपी वाढलेलं होतं तेव्हा मला काही दुखत नव्हतं, आता आटोक्यात आहे तेव्हाही काही दुखत नाही. कोलेस्टेरॉल मला आजवर कधी जाणवलेलं नाही. आजार आहे हे लॅबचा कागद सांगतो, सुधारला हेही कागदच सांगतो आणि या दोन कागदांच्या मध्ये शरीर चकार शब्द काढत नाही. गोळी लागू पडली याची खूण एकच, की काही झालं नाही. न आलेल्या अर्धांगवायूचा वाढदिवस कुणी करत नाही. वर्गात मी मुलांना शिकवत असे की एखाद्या गोष्टीचा परिणाम ठरवायचा तर ती न केलेलं दुसरं उदाहरण शेजारी ठेवून बघा. इथे गोळ्या न घेतलेली दुसरी मी आणायची कुठून? म्हणून कट्ट्यावर ‘बरं वाटत होतं, बंद केली’ असं कुणी म्हणतं तेव्हा मला राग येतो, पण नवल वाटत नाही. त्या माणसाच्या मनात अजून कागदी दात्यांची बाटली आहे. बाटली संपली, बरं वाटलं, आता पुन्हा कशाला?

ही गोळी नसताना काय होत होतं याचं एक उदाहरण मी कट्ट्यावर नेहमी देते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब मोजला तो ३००/१९० भरला. त्यांचं बीपी काही त्या दिवशी वाढलं नव्हतं, वर्षानुवर्षं चढत होतं आणि डॉक्टर ते लिहून ठेवत होते. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशाचा प्रमुख, दिमतीला नौदलाचे डॉक्टर, आणि त्यांच्यापाशी द्यायला काय होतं, तर मीठ कमी करा, विश्रांती घ्या आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. आज आमच्या कोपऱ्यावरचा रिक्षावाला चहाबरोबर गिळतो ती गोळी रूझवेल्टच्या नशिबी नव्हती. ‘ॲलोपथी म्हणजे नुसतं केमिकल’ असं म्हणणारे एक जण आमच्यात आहेत, त्यांच्यासाठी दुसरी गोष्ट राखून ठेवलेली आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं मूळ बुरशीत आहे. अकिरा एंडो या जपानी संशोधकाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरश्या चाळल्या आणि हवं ते द्रव्य त्याला मिळालं क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं घराणं तर युरोपातल्या एका शेंगवर्गीय रानझुडपापर्यंत जातं. गोष्ट ऐकून ते गृहस्थ मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केमिकलवर येतात.

रविवारी दुपारी मी डबी भरायला बसते. मुलाने अमेरिकेहून आणलेली सात खणांची प्लास्टिकची डबी. तिच्या झाकणांवर इंग्रजी आद्याक्षरं आहेत, त्यात टी दोन आणि एस दोन. कुठला टी मंगळवारचा आणि कुठला गुरुवारचा हे चष्मा न लावता ठरवणं म्हणजे लॉटरी. मी त्यावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने सो, मं, बु, गु, शु, श, र लिहिलं. आता यांचं म्हणणं, शु आणि श सारखेच दिसतात. चालायचंच.

समोर स्टीलचं ताट घेते, कारण गोळी उडते. बारीक गोळ्या फॉइलमधून काढताना अंगठ्याने जोर द्यावा लागतो, संधिवाताचा अंगठा नेमका त्याच जागी दुखतो, आणि सुटलेली गोळी जी टुणकन उडते ती थेट दिवाणाखाली. मग हे टॉर्च घेऊन ओणवे. बीपीच्या एका गोळीचा अर्धाच डोस यांना आहे. तिच्या मधोमध खाच असते. खाचेवर पातं ठेवून दाबलं तरी दोन भाग सारखे होतील याची खात्री नाही. एक थोरला, एक धाकटा आणि ताटात पांढरी भुकटी. थोरला आज, धाकटा उद्या, म्हणजे फिटंफाट. मात्र नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेली गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, चघळायचीही नाही. ती दिवसभर थोडी थोडी सुटावी अशी बांधलेली असते. तोडली तर दिवसाचा माल तासाभरात अंगात. या जातीची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी काहींना कधी शौचात गोळी जशीच्या तशी दिसते आणि ते हबकतात. आमच्यातल्या एका बाईंनी तर ‘गोळी लागतच नाही’ म्हणून डॉक्टर बदलले होते. औषध आत विरलेलं असतं, बाहेर येतं ते रिकामं टरफल. असल्या गोष्टी डॉक्टरला विचारायला लाज वाटते, म्हणून इथे लिहून टाकल्या.

शेजारच्या वाड्यातल्या अक्का हृदयासाठी डिगॉक्सिन घेतात, तेही आठवड्यातून पाच दिवस. शनिवारी-रविवारी गोळीला सुट्टी. अक्कांची समजूत अशी की मंत्रालयाला पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हाच हा जीआर निघाला असावा. खरं कारण असं की हे औषध अंगातून सावकाश बाहेर पडतं, ते बाहेर काढण्याचं काम मूत्रपिंडाचं, आणि म्हातारपणी मूत्रपिंडाचा वेग मंदावतो. रोजच्या रोज घेतलं तर साठत जाण्याची धास्ती. चाळिशीत जो डोस पचला तो पंचाहत्तरीत पचेलच असं नाही, हे या एका सुट्टीवरून कुणालाही समजावून देता येतं.

औषधाच्या दुकानातला मुलगा मला टरकून असतो. पट्टी दहाची असते नाहीतर पंधराची. गिऱ्हाइकाला हव्या असतात पाच. तो कात्री चालवतो आणि मुदत संपल्याची तारीख छापलेलं टोक दुसऱ्याच्या वाट्याला जातं. ‘बाळा, तारखेचं टोक मला दे,’ असं मी म्हटलं की म्हणतो, ‘काकू, ते शेवटच्या गिऱ्हाइकाचं.’ म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाने देवावर भरवसा ठेवायचा! मी आता पूर्ण पट्टीच घेते. दुसरी खोड नावांची. मागच्या महिन्यात निळी होती, या महिन्यात गुलाबी. कंपनी वेगळी, आतलं औषध तेच. यात फसवणूक नसते, पण म्हाताऱ्या माणसाची ओळख रंगाशी जुळलेली असते. रंग बदलला की तो एकतर गोळी घेत नाही, किंवा जुनी आणि नवी दोन्ही घेतो. दुसरं जास्त वाईट. २००८ साली जनऔषधीची दुकानं सुरू झाली तेव्हा स्वस्ताईची चर्चा फार झाली आणि ती खरीही आहे. मला त्यांचा आणखी एक उपयोग वाटतो. तिथे पट्टीवर मूळ औषधाचं नाव ठळक असतं, त्यामुळे माणूस निदान आपण काय खातो ते वाचतो.

ते वाचणं किती कामाचं असतं हे ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, म्हणून उंचावरच्या एका शाळेतल्या छावणीत आम्ही निवृत्त शिक्षक मदतीला गेलो. बोटीतून उतरणारी म्हातारी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली. कुणाच्या कडेवर मांजर, कुणाच्या हातात देवघरातला बाळकृष्ण. पिशवीत गोळ्या क्वचितच. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे डॉक्टर औषधांचे खोके घेऊन आले, टेबल मांडलं, रांग लागली.

‘आजोबा, कोणती गोळी घेता?’

‘सकाळची.’

‘नाव?’

‘नाव काय ठाऊक? पांढरी. बारकी. मधे रेघ असलेली.’

टेबलावर पांढऱ्या, बारक्या, रेघेच्या गोळ्यांच्या पाच जाती होत्या. एकीने बीपी उतरतं, एकीने साखर, एकीने लघवी जास्त होते. डॉक्टर बिचारे प्रत्येकाचं बीपी मोजून, साखर तपासून नव्याने सुरुवात करत होते. रांगेत एक किराणा दुकानदारीण होती. तिने पानाच्या चंचीतून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर वहीतल्या उधारीसारखं नीट लिहिलेलं: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा, जेवणाआधी की नंतर, कशाची ॲलर्जी. पाच मिनिटांत तिचं काम झालं. संध्याकाळपर्यंत आम्ही मास्तर-मास्तरणी तसले कागद लिहीत बसलो होतो, एकेकाला आठवायला लावून, मुलांना फोन लावून.

इन्सुलिनवाल्यांचे हाल वेगळे. वीज नाही म्हणजे फ्रिज नाही. एका नर्सबाईंनी मातीचं मडकं मागवलं, त्याला ओलं फडकं गुंडाळलं, आत वाटी ठेवली आणि बाटल्या वाटीत, पाण्याला लागणार नाहीत अशा. इन्सुलिनला उकाडा सोसत नाही, आणि बर्फात ठेवून गोठलं तरी ते वाया जातं. मडक्यातला गारवा त्याला मानवतो. सिरिंजचा प्रकार तर मला तोवर माहीतच नव्हता. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची. लाल टोपणाची सिरिंज ४० वाल्या बाटलीची, केशरी टोपणाची १०० वाल्या बाटलीची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपटीने चुकतो. मदतीला आलेल्या उत्साही पोरांनी केशरी टोपणांचा गठ्ठा आणला होता, बाटल्या सगळ्या ४० च्या. नर्सबाईंनी तो गठ्ठा जागेवरून परत पाठवला. पोरं जरा हिरमुसली, पण त्यांनी लाल टोपणं शोधून आणली.

तेव्हापासून यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कागद कायम असतो. सदरा धुवायला टाकताना मी तो काढते, म्हणजे बहुतेकदा काढते.

वेळेची गणितं मात्र रोजची. थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही. ही अट ज्याने घातली त्याला सांगलीच्या माणसाची सकाळ माहीत नसावी. दूध उकळतंय, आल्याचा वास घरभर, हे बशीत ओतून फुर्रकन ओढतायत आणि मी घड्याळाकडे बघत बसलेली. कॅल्शियम आणि लोह या गोळीपासून चार तास लांब ठेवायचं, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. साखरेची एक गोळी जेवणाआधी, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. ही बरीच वर्षं घेतली की ब जीवनसत्त्वातलं बी-बारा कमी होऊ शकतं; त्यात आम्ही शाकाहारी, म्हणून यांचं बी-बारा अधूनमधून तपासून घेते. पायाला मुंग्या येणं हे दरवेळी वयाचं नसतं.

आमच्या आईला या सगळ्याचं काही वाटलं नसतं. वैद्यांच्या पुडीला अनुपान असायचंच, मध किंवा तूप किंवा कोमट पाणी, आणि ते चुकवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गोळ्यांना अनुपान नसतं असं मानून बसलो ते आपण. १९८९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बीपीच्या एका औषधाच्या चाचणीत दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण भलतंच वाढलेलं दिसलं. रसातली द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं यंत्रच बंद पाडतात. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो, पण गणपतीत पपनस सोलतो ना? ते त्याच गोतातलं. बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, तेव्हा वाटीभर ओरपण्याआधी डॉक्टरला विचारलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळीचं आणि पालेभाजीचंही असंच वाकडं. अळू, पालक, मेथी यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध ओढतं. पालेभाजी सोडायची नसते, फक्त ती दर आठवड्याला साधारण सारखी असावी. महिनाभर पान नाही आणि ऋषिपंचमीला पातेलंभर, असं केलं की रक्ताची तपासणी गडबडते.

उपासांचं बोलायलाच नको. आषाढी, चतुर्थी, श्रावणी सोमवार. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, पोटात अन्न असो नसो, आपलं काम करत राहतात. सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर वरईचा घास नाही, तर दुपारी हात कापतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, उपासाने गळून गेलेत, पडू द्या जरा. पडू द्यायचं नसतं, तोंडात साखर घालायची असते, विठ्ठल रागावत नाही. उलट साबुदाण्याची खिचडी दोन बश्या खाऊन ‘आज उपास होता, साखर वाढलीच कशी’ असं विचारणारेही मला भेटतात. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडायचं आणि रिपोर्ट चांगला आला की वाटेतच जिलबी घ्यायची, हा उद्योग आमचे हे पूर्वी करत. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आली आणि तो बंद पडला. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगावर बाळगतात. जिलबीची चहाडी त्या करतात, मला करावी लागत नाही.

या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती गोळ्या वाढत जाण्याची. गोळी सुरू करणारे पुष्कळ असतात, बंद करणारा कुणी नसतो. आमच्यातले एक काका एसटीत कंडक्टर होते. बीपीसाठी त्यांना अ‍ॅम्लोडिपिन दिलं. त्याने काहींचे घोटे सुजतात, काकांचेही सुजले. सूज दाखवायला ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी लघवी जास्त होण्याची गोळी दिली. त्या गोळीने पोटॅशियम उतरतं. रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली. दुखण्याच्या गोळीने बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. झोप नाही म्हणून कुणीतरी झोपेची दिली. मग एका रात्री लघवीला उठले, झोपेच्या गोळीची गुंगी, उभं राहताच बीपी खाली, आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर आपटले. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. या साखळीत कुठलाही डॉक्टर चुकला नाही. चौघांनी आपापलं पान नीट लिहिलं, पुस्तक मात्र कुणी वाचलं नाही. म्हाताऱ्यांना कोणती औषधं जपून द्यावीत याची यादी अमेरिकेतल्या मार्क बिअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये केली. झोपेच्या गोळ्या तीत आहेत. यादी वेळोवेळी सुधारली जाते. तरी आपल्याकडे झोपेची गोळी घरातल्या हिंगाच्या डबीसारखी या हातातून त्या हातात फिरते.

म्हणून वर्षातून दोनदा तरी मी साडीच्या दुकानातली एक मोठी पिशवी घेते आणि घरातलं औषध म्हणून जे जे असेल ते तिच्यात भरून डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करते. गोळ्या, मलम, डोळ्यांचे थेंब, भाच्याने हरिद्वारहून आणलेलं सांधेदुखीचं चूर्ण, ‘नुसतंच टॉनिक’ असलेली बाटली, सगळं. बाहेर पेशंट ताटकळलेले असतात, डॉक्टर कपाळाला हात लावतात, पण बघतात. यातलं काय बंद करता येईल, हा प्रश्न पेशंटनेच विचारावा लागतो. माझा अनुभव असा की डॉक्टरांना तो प्रश्न आवडतो.

पुण्याहून मुलीचा रात्री फोन येतो, बाबांनी गोळी घेतली का? हे म्हणतात, ‘जेवलास का असं कुणी विचारत नाही आता.’ मुलाने मोबाइलमध्ये गजर लावून दिलाय. तो वाजतो, हे बंद करतात आणि बातम्या बघत बसतात. गजराला गोळी काढून हातात देता येत नाही. मुलांची काळजी खरी असते, फक्त ती फोनमधून येते.

मागच्या पिशवीतून माझी एक गोळी कमी झाली. कुणीतरी कधीतरी सुरू केलेली लहान डोसाची अ‍ॅस्पिरिन मी वर्षानुवर्षं घेत होते. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कधी हार्ट अटॅक, स्टेंट, लकवा? नाही म्हटलं. मग ती बंद करा म्हणाले. निरोगी हृदयाच्या सत्तरीपलीकडच्या माणसांवरची मोठी चाचणी २०१८ मध्ये जाहीर झाली, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली एकोणीस हजारांवर माणसं होती तीत. अ‍ॅस्पिरिनने त्यांचा फायदा काही झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. यांची तीच गोळी चालूच राहणार, कारण यांची बायपास झाली आहे. एका घरात, एका ताटात, एकच गोळी एकाला हवी आणि एकाला नको. मला आनंद व्हायला हवा होता. घरी येताना चक्क वाटलं, आपल्याला यादीतून खाली उतरवलं.

ही बातमी मी उत्साहाने कट्ट्यावर सांगितली. काही दिवसांनी पोस्टातले एक काका बाकावर शेजारी बसले आणि म्हणाले, ‘वहिनी, तुमचं ऐकून आम्हीही टाकली हो अ‍ॅस्पिरिन. कशाला उगाच.’

‘तुम्हाला स्टेंट आहे ना?’

‘आहे की. पण आता बरं वाटतं.’

मी त्यांच्या सुनेला तिथूनच फोन लावला. तिने डॉक्टरांना विचारलं. आत्ताच्या आत्ता द्या, आणि मला येऊन भेटायला सांगा, असा निरोप आला. नातू सायकलवरून पट्टी घेऊन आमराईत हजर. काकांनी आधी थोडी कुरकुर केली, मग कुणाच्या तरी बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी गिळली आणि रस्त्यापलीकडच्या टपरीकडे बघत विचारलं, ‘आता अर्धा तास चहा नाही ना?’

ती थायरॉईडची, मी म्हटलं. चला.